सावित्रीच्या खोऱ्यात कोण काय पाहत होतं

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूर-महाडपाशी सपाटीला लागते, दासगावापुढे तिची खाडी होते आणि बाणकोटला ती समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात उजव्या तीराला रायगड जिल्हा, डाव्या तीराला रत्नागिरीतला मंडणगड तालुका. या खोऱ्यात कोणता जीव कधी दिसायचा हे ठरलेलं असतं. मेच्या अखेरीस घाटाखालच्या रानात काजवे, मृगाच्या पहिल्या सरींना चढणीचे मासे आणि कुर्ल्या, सप्टेंबरात पाणथळीवर धोबी पक्षी, थंडीत खाडीवर कुरव आणि महाडजवळच्या काठावर उन्हं खात पडलेल्या मगरी, नोव्हेंबरपासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवं. गावात विचारलं की हमखास ऐकू येतं: पूर्वी हे सगळं खूप होतं, आता उरलं नाही. हे विधान बरेचदा खरंही असतं. पण ते तपासायचं तर आधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो. पूर्वी कोण पाहत होतं, कोणत्या महिन्यांत आणि कशासाठी? माझ्या मते या खोऱ्यातल्या वन्यजीवांच्या नोंदींचा इतिहास हा आधी गरजेचा इतिहास आहे. ज्याला ज्या दिवसांत ज्या जीवाशी काम होतं, त्याने त्या दिवसांत तो जीव पाहिला. काम संपलं की नोंद थांबली, मग जीव तिथे असो वा नसो.

सर्वांत जुनी नोंदवही शेतकऱ्याची, आणि ती कागदावर नव्हतीच. भातशेतीचं वर्ष सूर्यनक्षत्रांवर चालायचं. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागायच्या आत राब भाजून झालेले असत, रोहिणीत धूळवाफ्याची पेर, ७-८ जूनला मृग, पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, असं करत हस्त-चित्रांपर्यंत. प्रत्येक नक्षत्राला जमिनीवरच्या खुणा जोडलेल्या. ओल्या मातीवर लाल मखमली किडा दिसला की मृग लागला. त्याचं नावच मृगाचा किडा. ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा ऐकू येऊ लागला की बियाण्याची जुळवाजुळव. यातली सर्वांत नेमकी खूण मात्र माशांची. पहिला जोराचा पाऊस झाला, पऱ्याला लाल पाणी आलं आणि ते बांध ओलांडून खाचरात शिरलं की शिंगटी, मळे असे गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. उत्तर कोकणात याला वलगण म्हणतात, दक्षिणेकडे चढण. हा खेळ फार तर काही रात्रींचा. लोक बत्त्या, चुडी घेऊन बांधाच्या फुटीपाशी बसत, अरुंद तोंडाशी बांबूचा सापळा लावत, आणि पाणी कोणत्या बाजूने शिरतं, किती चढलं की मासा निघतो, कोणत्या खाचराला आधी लागतो, हे घरटी माहीत असे. एखाद्या प्रजातीच्या विणीची सुरुवात तासाच्या हिशेबाने सांगणारी ही माहिती होती. ती टिकली, कारण चुकलं तर वर्षाचं कालवण चुकायचं.

इथे पहिला आक्षेप येतो. नक्षत्रांचं पंचांग म्हणजे ज्योतिष, निरीक्षण नव्हे, मग त्याला नोंदवही कसं म्हणायचं? आक्षेपात तथ्य आहे आणि तो आणखी पुढेही नेता येतो. पंचांगात दर नक्षत्राला वाहन दिलेलं असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. हे प्राणी कोणी रानात पाहून लिहिलेले नाहीत. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून वाहन ठरवायचं, असा तो सरळ भागाकार आहे. वाहन बेडूक आलं म्हणून बेडूक जास्त ओरडत नाहीत. दुसरं असं की नक्षत्रं ऋतूंशी कायमची बांधलेली नाहीत. पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवंडण्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. हजार वर्षांपूर्वी मृग, आजच्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने, मेच्या शेवटच्या आठवड्यात लागत असणार, म्हणजे कोकणात पाऊस नेहमी येतो त्याच्या बराच आधी. पण हाच आक्षेप उलटा वाचला तर तो आपल्या बाजूचा पुरावा होतो. आकाशातली तारीख सरकत राहिली, तरी मृग म्हणजे पेरणीचा पाऊस हे समीकरण आज बरोबर बसतं. याचा अर्थ केव्हातरी लोकांनी जुनी जोडणी सोडून जमिनीवर दिसेल त्याप्रमाणे नवी लावली. छापील पंचांग काहीही सांगो, शेतकरी पेरणीचा निर्णय ओल, किडा आणि पऱ्याचं पाणी पाहून घेत होता. नक्षत्र हे त्या माहितीचं कपाट होतं, माहिती वेगळीच होती. आणि पाऊस मुळात तारखेचा गुलाम नाहीच. २०२३ साली तो मुंबईला २५ जूनला पोचला, २०२५ साली २६ मेलाच. महिन्याचा फरक. इतक्या लवचीक ऋतूत निव्वळ तारखेवर विसंबणाऱ्याचं बी वाया गेलं असतं.

दुसरी नोंदवही सरकारी. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट होता, आणि इंग्रज सरकारने मेलेल्या फुरशामागे बक्षीस ठेवलं होतं. १८६२ च्या डिसेंबरात हे बक्षीस सहा पैंवरून काही दिवसांसाठी दोन आण्यांवर नेलं, म्हणजे चौपट केलं, आणि अवघ्या आठ दिवसांत लाखाहून जास्त फुरशी जमा झाली. हा आकडा पुढे सापांवरच्या लिखाणात पुन्हा पुन्हा आला आणि कोकणातल्या फुरशांच्या संख्येचा पुरावा ठरला. संख्येपुरता तो आहेही. पण त्यावरून कोणी डिसेंबर हा फुरशांचा महिना ठरवला तर तो फसेल. डिसेंबरात भात झोडून झालेलं असतं, सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, माणसाचे हात रिकामे असतात आणि दगड उलथायला वेळ असतो. त्यात भाव चौपट. त्या आठ दिवसांत फुरशी वाढली नव्हती, पाहणारे वाढले होते. जिल्ह्यातले मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८० साली छापली, त्याच साली रत्नागिरीचं गॅझेटिअरही निघालं. यादी प्रामाणिक आहे, आजही उपयोगी पडते. पण इंग्रज अधिकाऱ्याचा दौरा हिवाळ्या-उन्हाळ्यात चाले. पावसात घाट, खाड्या, पायवाटा सगळंच अडलेलं, आणि साहेब मुख्यालयात. म्हणून अशा याद्यांत थंडीचे पाहुणे पक्षी भरगच्च आणि पावसाळ्याचं पान विरळ असणं साहजिक आहे. शेतकऱ्याची वही नेमकी तेव्हाच भरत होती. दोघांच्या वह्या एकाच खोऱ्याच्या, पण त्यांची पानं एकमेकांवर क्वचितच पडतात, आणि अभ्यासकाच्या हाती आली ती छापलेली वही.

यावर कोणी म्हणेल, ही मांडणी फारच पोटार्थी झाली. काजव्यांचा कोणाला काय उपयोग होता? चातकाचा? देवराईतल्या झाडांना लोक हात लावत नव्हते ते काय फायद्यासाठी? माणूस नुसतं कौतुकानेही पाहतो, हे मान्यच आहे. माझा मुद्दा पाहण्याचा नाही, नोंद टिकण्याचा आहे. काजवे सगळ्यांनी पाहिले, पण कोणत्या वर्षी ते कधी लागले आणि कधी विझले याची आठवण कुठल्या घरात उतरली नाही. पावसाची एक आगाऊ खूण एवढंच त्यांचं काम, ते झालं की विसर. आज तारखेनिशी माहिती मिळते ती जिथे काजवे महोत्सव भरतात तिथली, कारण आता तारीख चुकली तर पर्यटकांची बुकिंगं चुकतात. चातकाचं तर आणखी गमतीचं. कवींनी त्याला शतकानुशतकं तहानलेला ठेवला, पण तो आफ्रिकेकडून येतो आणि पावशासारखाच सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, हे कवितेच्या नोंदीत आलं नाही, कारण कवितेला त्याची तहान पुरेशी होती. कौतुक जीवाला अमर करतं, त्याची तारीख मात्र राखत नाही.

या खोऱ्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण वेळासचं. बाणकोटच्या दक्षिणेला असलेलं हे गाव नाना फडणविसांचं म्हणून इतिहासात ओळखीचं. गेल्या वीसेक वर्षांत ते कासवांचं झालं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी किनारा फिरत असताना त्यांना इथे कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि त्यातून ऑलिव्ह रिडले कासवांचं संरक्षण सुरू झालं. बातम्यांत हा शोध होता. गावाला तो शोध नव्हता. अंडी काढून खाणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना हंगाम, भरती, वारा, सगळं ठाऊक होतं. मादी रात्री वर येते, परतते, आणि पहाटे वाळूवर वल्ह्यांच्या खुणांचा पट्टा उरतो, जातानाचा आणि येतानाचा. पट्टे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते, पण घरटं नेमकं कुठे हे डोळ्यांना कळत नाही. बारीक काठी हलकेच टोचत जायचं. जिथे ती अडखळत नाही, सहज खाली उतरते, तिथे हात-दीड हात खोलवर शंभर-सव्वाशे अंडी. संरक्षणात याच कौशल्याची गरज पडली. आता अंडी उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात, तारखेची पाटी लावतात, पिल्लं बाहेर यायच्या सुमारास वर टोपली ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं निघतात आणि त्यांना समुद्राकडे सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे राहू लागले. अंडं खाण्यातला फायदा गेला आणि पिल्लू दाखवण्यातला आला. तारीख दोन्ही वेळा महत्त्वाचीच होती, फरक एवढाच की पहिल्या वेळी ती गुपित होती आणि दुसऱ्या वेळी फलकावर लागली. म्हणून २००२ नंतर किनाऱ्यावर कासवं वाढली असं घरट्यांच्या आकड्यांवरून म्हणताना सावध राहावं लागतं. पहारा वाढला की घरटी सापडण्याचं प्रमाण वाढतंच.

मग आज कोणत्या नोंदी संपत आहेत? उत्तर अवघड नाही: पावसाळ्याच्या. मंडणगड, पोलादपूर, महाडच्या वाड्यांतली तरणी माणसं मुंबईला गेली, खाचरं पडीक राहिली, बांध फुटले ते तसेच. चाकरमानी गावी येतो गणपतीला आणि शिमग्याला, म्हणजे त्याची साक्ष भाद्रपदातली आणि फाल्गुनातली. मृगाच्या रात्री बांधावर बसणारं कोणी उरलं नाही, तेव्हा चढणीचे मासे कमी झाले की चढणारे मासे पाहणारे कमी झाले हे आता नुसत्या बोलण्यातून ठरवता येणार नाही. माझा अंदाज दोन्ही झालं असावं असा आहे. पडीक खाचरात अंडी घालायला पाणी ठरत नाही आणि बंधाऱ्यांनी वाटा अडल्या आहेत. मात्र त्याच पडीक जमिनीत झुडपं माजली, रानडुकरं आणि माकडं वस्तीपर्यंत आली, आणि त्यांची नोंद झपाट्याने होऊ लागली, कारण पिकाच्या नुकसानभरपाईला पंचनामा लागतो. फुरशाच्या दोन आण्यांचा हा आजचा अवतार, फक्त पैसे आता जिवंत जनावरापायी मिळतात. मगरींचंही तसंच. त्या थंडीत काठावर येतात आणि महाडकरांना नवल वाटत नाही. बाकीच्या महाराष्ट्राने सावित्रीतल्या मगरींचं नाव मोठ्या प्रमाणावर ऐकलं ते २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेल्यावर, म्हणजे पुराच्या गढूळ पाण्यात त्या कोणालाच दिसत नाहीत अशा दिवसांत.

शेवटचा आक्षेप यंत्राचा. उपग्रहाला गरज नसते, तो बारमाही पाहतो, मग ही गरजेची गोष्ट आता कालबाह्य नाही का? जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला आणि तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. त्या मोसमात कोकण किनाऱ्यावर अशा पाच माद्यांना यंत्रं लागली. अरबी समुद्रात त्या कुठे जातात हे त्यातून प्रथमच दिसलं, आणि ही मोठीच भर आहे. पण यंत्र कोणाला लावायचं हे माणूसच ठरवतो. ते लागलं ते किनाऱ्यावर आलेल्या मादीला, ज्या गावात आधीच पहारा होता तिथे, आणि काही महिन्यांत एकेकीचे संकेत थांबले. नर कधी किनाऱ्यावर येत नाही, तो या वहीत नाही. २००७ साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉचसारख्या उपक्रमांतून हौशी लोक चातकाच्या आगमनाच्या तारखा देऊ लागले, तिथेही हीच अडचण उभी राहते: सुट्टीच्या दिवशी माणसं बाहेर पडतात, तेव्हा पक्षीही सुट्टीच्या दिवशी जास्त ‘दिसतात’. मोजणारे हा दोष जाणून आकडेमोडीत त्याची वजावट करतात. सावित्रीच्या खोऱ्यातल्या जुन्या वह्यांनाही अशीच वजावट लावता येईल: विडाल यांच्या यादीत पावसाळ्याचे चार महिने कोरे धरून, १८६२ च्या डिसेंबरातून बक्षिसाचा भाव बाजूला काढून, आणि वलगणीच्या आठवणींत कोणत्या खाचराचा बांध कोणत्या वर्षापर्यंत शाबूत होता हे सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीशी पडताळून. या तिसऱ्या कामासाठी कागद तलाठ्याकडे आहेत, पण बांधावर बसलेली माणसं आता साठीच्या पुढची आहेत.