आधीचे फील्ड कोणते?

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळी अभियंत्यांपुढे चित्राच्या लुकलुकण्याचा प्रश्न होता: हालचालीचा भास होण्यास सेकंदाला 25 चित्रे पुरत असली, तरी चित्रनलिकेचा पडदा तेवढ्याच वेळा उजळला तर डोळ्यांना त्रास होई, आणि चित्रे दुप्पट करावीत तर प्रक्षेपणाला दुप्पट रुंद लहरीपट्टा लागे. जर्मनीत टेलिफुंकनच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी 1930 मध्ये आणि अमेरिकेत आरसीएच्या रँडल बॅलार्ड यांनी 1932 मध्ये सुचवलेला तोडगा असा, की आधी एकाआड एक रेषा रेखाटाव्यात आणि राहिलेल्या रेषा पुढच्या फेरीत भराव्यात. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड आणि दोहोंच्या जोडीला फ्रेम म्हणतात. नोव्हेंबर 1936 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने मार्कोनी-ईएमआयची 405 रेषांची इंटरलेस, म्हणजे अशी एकाआड एक रेषांची पद्धत आणि बेअर्ड यांची 240 रेषांची अखंड चित्राची पद्धत आलटून पालटून वापरली, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीच बेअर्ड पद्धत मागे पडली. भारताने स्वीकारलेली 625 रेषांची आणि सेकंदाला 50 फील्डांची पद्धतही त्याच परंपरेतली होती.

त्या काळात आधीचे फील्ड कोणते हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण फील्डे ज्या क्रमाने टिपली जात त्याच क्रमाने ती पडद्यावर येत, आणि एक फील्ड अर्ध्या रेषेवर संपत असल्याने पुढच्याच्या रेषा आपोआप मधल्या जागी पडत. प्रश्न निर्माण केला तो अंकीय साठवणीने. 1982 च्या सीसीआयआर 601 शिफारशीनंतर रुळलेल्या 576 दृश्य रेषांच्या फ्रेममध्ये एक पन्नासांश सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन फील्डे शेजारी शेजारी विणली जातात, आणि त्यांतले आधीचे कोणते हे चित्राबाहेर वेगळे नोंदवावे लागते. 625 रेषांच्या स्टुडिओ व्यवहारात वरच्या रेषेचे फील्ड आधी धरण्याची रीत पडली, तर 1990 च्या दशकातील डीव्ही कॅसेटने खालचे आधी धरले. शिवाय चित्र एका रेषेने वर वा खाली सरकले, तरी क्रम उलटतो. त्यामुळे फीत संगणकात उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डाने बनवलेल्या फाइलीवरील नोंद हा पुरावा मानता येत नाही.

खरा पुरावा हालचालीत असतो. फील्डे सुटी करून, एक क्रम गृहीत धरून ओळीने पाहिली असता धावणारा माणूस सरळ पुढे गेला तर गृहीतक बरोबर, आणि पुढे-मागे हिसके देत गेला तर उलट. स्थिर दृश्य येथे निरुपयोगी ठरते. चित्रपटातील दृश्येही फसवी असतात, कारण 24 चौकटींचा चित्रपट 25 च्या वेगाने दाखवताना फ्रेममधील दोन्ही फील्डे एकाच चौकटीतून घेतली जातात. म्हणूनच मुंबई दूरदर्शनवरील ‘छायागीत’ या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाच्या घरगुती व्हीएचएस ध्वनिचित्रमुद्रणात गाणी निर्दोष दिसूनही क्रम चुकलेला असू शकतो, आणि ती चूक त्याच फितीवरील स्टुडिओतल्या कार्यक्रमातच उघड होते. केवळ नोंद चुकली असेल तर ती बदलून भागते. मात्र चुकीच्या क्रमाने फील्डे एकजीव करून मूळ फाइल पुसून टाकली असेल, तर गेलेली हालचाल पूर्णपणे परत मिळवता येत नाही. जुन्या फितींच्या संग्राहकांनी दोन्ही फील्डे जशीच्या तशी जपावीत, हा आग्रह त्यामुळेच रास्त आहे.