न बोलणाऱ्याला विचारायचं कसं?

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मला आणि बापाची वही उघडली. बाळ सहा महिने अकरा दिवसांचं असताना त्याला सांभाळणाऱ्या बाईने खोटं खोटं रडून दाखवलं. बाळाचा चेहरा पडला, ओठांची टोकं खाली वळली. डार्विनला त्यात सहानुभूती दिसली. १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पाच वर्षांनी जर्मनीत विल्हेल्म प्रायर यांनी आपल्या मुलाच्या निरीक्षणांवर अख्खा ग्रंथ लिहिला.

रोजनिशीत बारकावे होते, पण मूल एकच आणि पाहणारा त्याचा बाप. बाळाला बाईचं दुःख कळलं, की तिचा चेहरा पाहून त्याचाही चेहरा तसा झाला, हे वहीतून ठरवता येत नव्हतं.

त्यासाठी प्रसंग मुद्दाम रचावा लागला. १९६०च्या सुमारास एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक टेबल बनवलं. वर जाड काच, आणि अर्ध्या भागात काचेखाली एकदम खोल गेल्याचा भास. १९८५ साली जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी हाच भास इतपत बेताचा ठेवला की वर्षभराच्या बाळाने काठाशी थबकून पलीकडच्या आईकडे पाहावं. आईने बोलायचं नव्हतं. ती हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. तिने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. पुढे जावं की नाही, हे बाळं आईच्या चेहऱ्यावरून ठरवत होती.

मग प्रश्न धीट झाले. २००७ साली येल विद्यापीठात कायली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी बाळांना एक खेळ दाखवला: टेकडी चढणाऱ्या डोळेवाल्या ठोकळ्याला एक ठोकळा वर ढकलतो, दुसरा खाली लोटतो. नंतर दोन्ही समोर धरले, तर सहा महिन्यांच्या बाराही बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. चांगल्या-वाईटाची जाण इतक्या लवकर येते, या कल्पनेने जगभर कुतूहल जागं झालं.

बारा बाळं मात्र थोडी होती. म्हणून ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रसंग पुन्हा मांडला. २०२४ साली निकाल आला: मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं जेमतेम निम्मी, म्हणजे कोणताही कल नाही. ही फेरतपासणी करणाऱ्यांमध्ये मूळ प्रयोगाच्या कायली हॅमलिन स्वतः होत्या.