तरंगती माशी, बुडती माशी

१० फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात एक चर्चासभा भरली. हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरावयास जेमतेम महिना उरला होता. पण सभेपुढील प्रश्न निराळाच होता. ट्राउट मासा धरताना गळावरची बनावट माशी पाण्यावर तरंगती ठेवावी, की पाण्याखाली जाऊ द्यावी? श्रोत्यांना हसू येईल. आपल्याकडील सोवळ्याओवळ्याचे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांनी मात्र हसण्याची घाई करू नये.

वादाचे मूळ दक्षिण इंग्लंडातील हँपशर परगण्यात आहे. तेथील टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकांतून झिरपणाऱ्या झऱ्यांवर वाहतात. पाणी इतके नितळ, की आतला मासा काठावरून दिसावा. गळावर पिसे आणि रेशीम बांधून केलेली माशी अशा पाण्यावर तरंगत ठेवण्याचे तंत्र फ्रेडरिक हॅल्फर्ड याने १८८६ व १८८९ च्या ग्रंथांत पद्धतशीर मांडले. मासा पृष्ठभागावरचा किडा टिपताना दिसला, की थेट तशीच माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला अलगद टाकावयाची. तंत्र सुंदर, यात शंका नाही. परंतु पाहता पाहता त्याचा आचारधर्म झाला. बुडती माशी वापरणारा नुसता कमी कुशल नव्हे, कमी सभ्य ठरू लागला.

याविरुद्ध उभा राहिला तो जी. ई. एम. स्क्यूज, लंडनचा एक वकील. तोही आधी हॅल्फर्डचाच चाहता. पण वकिलाची सवय पुरावा पाहण्याची! धरलेल्या माशाच्या पोटातील अन्न तो काढून पाही, आणि त्यात पंख न फुटलेल्या, पाण्याखालच्या किड्यांचा भरणा दिसे. मग त्या किड्याची नक्कल गळावर का बांधू नये? १९१० साली त्याने पुस्तक लिहिले. तरंगती माशी टाकून द्या, असे त्याचे म्हणणे नव्हतेच; तिच्या शेजारी दुसरीलाही जागा असू द्या, एवढेच मागणे. आम्हांस वाटते, कर्मठांना हेच अधिक झोंबले.

त्यांचे सारेच आक्षेप पोकळ होते असे मात्र नव्हे. बुडत्या गळाने लहान मासे नाहक जखमी होतात, हा विचार करण्याजोगाच होता. पण सभेत ७९ वर्षांच्या स्क्यूजची बाजू घेणारे थोडेच निघाले. इचेनच्या ज्या काठावर तो १८८३ पासून जात होता, तो काठ त्याने त्याच वर्षी सोडला.

१९४९ साली तो वारला. पुढे १९५८ साली एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने या पाण्याखालच्या किड्यांवरच ग्रंथ लिहिला आणि ती पद्धत सर्वत्र पसरली. खडूच्या नद्यांवरील काही क्लबांचा नियम अजूनही असा आहे, की १ जुलैपूर्वी ती वापरू नये.