व्हाउचर नसलेलं लग्न

बँकेत आम्ही व्हाउचरशिवाय रुपयादेखील हलवत नाही; फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं तर अख्खं लग्न उरकलं! त्याची लाडकी माँतेस्पाँ. लुईपासून झालेली मुलं गुपचूप सांभाळायला तिनंच नेमली फ्रांस्वाझ स्कारों : गरीब विधवा, राजाहून तीन वर्षांनी मोठी, अतिधार्मिक. राजाला ती आधी मुळीच आवडेना. पण १६७२ साली थोरलं मूल गेलं, तेव्हा आईपेक्षा हीच जास्त रडली. लंगड्या धाकट्याला घेऊन १६७५ मध्ये थेट पिरेनीजच्या गरम झऱ्यांवर गेली. मुलं बघायला येणारा राजा हिच्याशीच बोलत बसू लागला. १६८३ मध्ये राणी वारली, मग गुपचूप लग्न. कागद नाही, घोषणा नाही. संसार मात्र १७१५ पर्यंत, राजाच्या मरणापर्यंत टिकला. हा हिशेब ऑडिटरला नाही कळायचा. परक्याचं पोर कडेवर घेतलेल्यालाच कळेल.