शेंगपेंड, सोयापेंड आणि माशाचं काळीज

आपल्या शेततळ्यातला रोहू-कटला मूळचा गंगेकडचा. पूर्वी बीज नदीतून धरावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी इंजेक्शनवर माशाला अंडी घालायला लावली, तिथून बीज तयार करता येऊ लागलं. खाद्य मात्र साधंच, निम्मी शेंगपेंड, निम्मा भाताचा कोंडा.

घाण्याच्या पेंडेत सात-आठ टक्के तेल राहायचं. सॉल्व्हंटच्या पेंडेत जेमतेम एक टक्का. नाव तेच, माल वेगळा! घेताना विचारा.

मग आपल्याकडं सोयाबीन आलं. पेंडीत प्रथिनं चांगली, पण मेथिओनिन कमी. ते कमी पडलं की काळजातली चरबी बाहेर निघत नाही, तिथंच साठते. सोयातला फॉस्फरसही फायटेटमध्ये अडकलेला, माशाला पचत नाही, आणि फॉस्फरस तुटला की अंगात चरबी वाढते. त्यात कोंडा-मका जास्त झाला की उरलेल्या पिठाचीही चरबीच. मासा गुबगुबीत दिसतो, वजन भरतं, पण पोट फाडलं की आतड्याभोवती पिवळी चरबी. गिऱ्हाईक ती फेकतं, खाद्याचे पैसे आपले गेलेले असतात.

बुरशीचं तर वेगळंच. १९६० ला इंग्लंडात बुरसलेल्या शेंगपेंडीनं लाखभर टर्की मेल्या. त्याच सुमारास अमेरिकेत सरकीपेंडीवरच्या ट्राउट माशांच्या काळजात गाठी निघाल्या. दोन्हीकडं विष एकच, अफलाटॉक्सिन. पावसाळ्यात पोती भुईवर ठेवू नका, खाली फळ्या घाला.