नाम-क्रियापद रूपांतर (इंग्रजी भाषा)

कोणताही प्रत्यय न लागता एकच इंग्रजी शब्द नामाचे आणि क्रियापदाचे अशी दोन्ही कामे करतो, त्या प्रकाराला व्याकरणात रूपांतर म्हणतात. वॉक, हेल्प, लव्ह, हँड, वॉटर हे नेहमीचे शब्द याच वर्गातले. शब्दाची जात येथे रूपावरून कळत नाही, वाक्यातल्या जागेवरून ठरते. 'द वॉटर' म्हणजे पाणी; 'टू वॉटर' म्हणजे पाणी घालणे.

प्राचीन इंग्रजीत ही मोकळीक नव्हती. प्रेम या अर्थाचे नाम 'लुफू' होते, तर प्रेम करणे या अर्थाचे क्रियापद 'लुफियन'. मध्ययुगीन इंग्रजीत शब्दांचे अंत्य प्रत्यय झिजत गेले, तशी दोन्ही रूपे 'लव्ह' या एकाच रूपात मिळाली. जुन्या जोड्या अशा झिजेतून आपोआप जुळल्या. पुढे तोच साचा पकडून नव्या जोड्या हेतुपुरस्सर पाडल्या जाऊ लागल्या. शेक्सपिअरच्या नाटकांत त्या विपुल आहेत. 'गूगल' हे क्रियापद ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात 2006 मध्ये दाखल झाले.

नामापासून क्रियापद झाले की अर्थ कोणता घ्यायचा, याचा पक्का नियम नाही. 'डस्ट' म्हणजे धूळ. पण फर्निचर 'डस्ट' करताना धूळ झटकतात आणि केक साखरेने 'डस्ट' करताना साखर भुरभुरतात. एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ परस्परविरुद्ध आहेत. निर्णय संदर्भावर सोडलेला असतो.

काही जोड्यांत लेखन तेच राहून उच्चार बदलतो. रेकॉर्ड, परमिट, ऑब्जेक्ट यांत नामाचा आघात पहिल्या अवयवावर, क्रियापदाचा दुसऱ्यावर. 'यूस' आणि 'हाउस' यांतला शेवटचा 'स' नामात अघोष राहतो, क्रियापदात सघोष होतो. शिकणाऱ्याची खरी अडचण येथेच होते, कारण छापील अक्षरे काहीच सुचवीत नाहीत.

या प्रकाराला विरोधही झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1789 मध्ये कोशकार नोआ वेबस्टर यांना लिहिलेल्या पत्रात 'नोटिस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' यांच्या क्रियापदी वापराबद्दल नाराजी कळवली. तिन्ही क्रियापदे आज निर्वेध रूढ आहेत. भाषेने फ्रँकलिन यांचे ऐकले नाही.

मराठीत 'खेळ' हे नाम आणि 'तू खेळ' हा आज्ञार्थ एकरूप दिसतात, तरी एरवी धातूला प्रत्यय लागतोच. नामापासून धातू साधतानाही हात–हाताळणे, लाथ–लाथाडणे असा रूपबदल होतो. इंग्रजी शब्द मराठीत येतात ते बहुधा नाम म्हणून, आणि 'करणे'चा आधार घेऊन क्रियापद होतात: फोन करणे, कॉपी करणे. 'गुगलणे', 'ट्रोलणे' ही रूपे अलीकडे बोलण्यात ऐकू येतात. 'णे' मात्र त्यांनाही लावावाच लागतो.