घाटावरचे कॉलेज

बारावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्साबलिदानानंतर आमच्या चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘काय मग, मुंबईला पाठवणार की इथेच?’ त्यातील ‘इथेच’ या शब्दावर किंचित दाब पडतो आणि उत्तर देणारा बाप खाली पाहून चपलेने माती उकरू लागतो. ‘मुंबईला’ म्हणणाऱ्याचा आवाज मात्र शेजारच्या घोळक्यापर्यंत पोहोचतो. गेली साठ वर्षे मी हे पाहत आलो आहे. त्यामागचा इतिहास एकदा नीट मांडावा, असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामाला होते. १९२५ साली हा छापखाना सुरू झाला आणि १९२८ पासून येथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या. आमचे मामा मुंबईत एका परदेशी कंपनीत कारकून. नाताळात ते नाशिकला येत, तेव्हा त्यांच्या खिशातल्या नोटा नाशिकच्याच असत. पण त्यांच्या बोलण्यात नाशिक म्हणजे थंड हवा, द्राक्षे आणि साधीभोळी माणसे, एवढेच असे. १९६६ साली ताईने कॉलेजात जायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा मामा वडिलांना म्हणाले, “अहो दाजी, पोरीला शिकवायचंच असेल तर मुंबईला पाठवा. नाशिकची डिग्री कोण विचारतो?” वडिलांच्या पगारात मुंबईच्या वसतिगृहाचा खर्च बसणारा नव्हता. मामांच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसे होती. म्हणजे सल्ल्याचा अर्थ एकच उरत होता : ताईने शिकू नये.

हा तुच्छभाव आमच्या मामांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो त्यांच्याही पूर्वी शंभर वर्षे रुजला होता. १८५७ साली इंग्रजांनी हिंदुस्थानात तीन विद्यापीठे स्थापन केली ती कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे. तिन्ही शहरे बंदरे होती. कंपनीची जहाजे जेथे लागली तेथे वखारी झाल्या, वखारींभोवती कचेऱ्या आणि न्यायालये आली, आणि त्यांना लागणारी माणसे तयार करण्यासाठी विद्यापीठे आली. काशी, पैठण, नाशिक ही विद्येची जुनी ठिकाणे देशाच्या आतल्या अंगाला होती. नव्या व्यवस्थेत त्यांना स्थान उरले नाही. समुद्रापासून दूर असे पहिले विद्यापीठ लाहोरला निघाले ते १८८२ साली आणि अलाहाबादचे १८८७ साली. बंदराच्या शहराबाहेरच्या साऱ्या मुलखाला कंपनीच्या दप्तरात ‘मुफस्सल’ म्हणत. मराठीत त्याचे ‘मोफसल’ झाले. शब्द निव्वळ कारभाराचा होता, पण कॉलेजच्या नावामागे तो लागला की त्यात कमीपणाचा वास येऊ लागे. मुंबईच्या चाळींनी आणि वाड्यांनी त्याच्या जोडीला ‘घाटी’ हा आणखी बोचरा शब्द घडवला. आमच्या नाशिकात घाट म्हणजे गोदावरीच्या पायऱ्या. त्या शब्दाची शिवी होऊ शकते, हे मला मुंबईत गेल्यावर समजले. ती देणाऱ्यांत आपले किनाऱ्यावरचे ख्रिस्ती बांधवही होते, हे येथे सांगितले पाहिजे.

गंमत अशी की मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले, त्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे होते. आणि त्यांचा जन्म आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. शालेय शिक्षण कोल्हापुरात घेऊन, मिसरूडही न फुटलेल्या वयात ते मुंबईस गेले. पहिल्या पदवीधरांतले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही मुंबईबाहेरचेच. विद्यापीठ बंदराचे होते, पण ते उजळवणारे दिवे बाहेरून आले होते. पुढे १८६५ साली थळ घाटातून आगगाडी इगतपुरीपर्यंत चढली आणि नाशिकचा हुशार मुलगा घर सोडून जाण्याची वाट कायमची मोकळी झाली. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. विनायक दामोदर सावरकर नाशिकला मॅट्रिक झाले, ते १९०२ साली पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले. नाशिकात राहून पदवीपर्यंत जाण्याची सोयच नव्हती. ज्यांच्या घरी पैसा नव्हता त्यांची, आणि सर्व घरांतल्या मुलींची, वाट मॅट्रिकपाशी किंवा त्याच्या कितीतरी आधी संपे.

या बाबतीत आपल्या धर्मसभेचा वाटाही तपासून पाहायला हवा. जर्मन येशूसंघीयांनी १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय उभारले. त्याची कीर्ती रास्तच आहे. त्याच संघाचे धर्मगुरू नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांतून बैलगाडीने आणि पायी फिरले, शाळा आणि बोर्डिंगे काढली. आज नाशिक धर्मप्रांतात जी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत त्यांपैकी कित्येकांची पहिली अक्षरे त्या शाळांतली आहेत. ते ऋण मोठे आहे. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. किनाऱ्यावर कॉलेज आणि घाटावर प्राथमिक शाळा, अशीच ती वाटणी होती. बोर्डिंगातला हुशार मुलगा ‘मास्तर’ होई, त्यापुढे क्वचितच जाई. धर्मगुरूंनी हे तुच्छतेपोटी केले असे मी म्हणणार नाही. पोटाला भाकर नसलेल्या गावात कॉलेजचा विचार कोणाला सुचणार? पण वाटणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली की ती निसर्गनियमासारखी वाटू लागते.

नाशिकपुरती ही वाटणी १९२४ साली मोडली. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या स्मरणार्थ प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ साली मुंबईत गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती; तिने नाशिकात महाविद्यालय काढले. तेच आजचे हंसराज प्रागजी ठाकरसी, म्हणजे आपले एच.पी.टी. गोखले स्वतः कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात काही काळ शिकून मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून १८८४ साली पदवीधर झाले होते. त्यांच्या नावाच्या संस्थेने मोफसलात कॉलेज काढावे, हे शोभून दिसले.

आता नीट लक्ष द्यावे अशी गोष्ट आहे. एच.पी.टी. मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे नाशिकचा विद्यार्थी आणि एल्फिन्स्टन, विल्सन किंवा झेवियर्सचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेला बसत आणि एकाच विद्यापीठाची पदवी घेत. तरीही नाशिकच्या पदवीधराला ‘कोणत्या कॉलेजचे?’ असे विचारले जाईच. परीक्षा एक, पदवी एक, मग उरलेला फरक कशाचा? इंग्रजी उच्चारांचा, ओळखीपाळखींचा, आणि साहेबाच्या कचेरीपासून कॉलेज किती अंतरावर आहे याचा.

याच कॉलेजात पिंपळगाव बसवंतचा एक मुलगा शिकला : विष्णू वामन शिरवाडकर. कुसुमाग्रजांना १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि त्यांचा जन्मदिवस आज मराठी भाषेचा दिवस म्हणून साजरा होतो. चित्रपटसृष्टीत आणि वृत्तपत्रांत काही वर्षे काढून ते नाशिकला परतले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. याच कॉलेजात वसंत कानेटकर दीर्घकाळ प्राध्यापक होते. सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, म्हणजे दुसऱ्या एका मोफसल महाविद्यालयात, ते शिकले होते. १९६६ साली त्यांचे ‘अश्रूंची झाली फुले’ रंगभूमीवर आले. एका महाविद्यालयातील सत्शील प्राध्यापकाची ती कथा. मामांनी मुंबईत ते नाटक पाहिले आणि वडिलांना लिहिलेल्या पत्रात पानभर स्तुती केली. नाटककार आपल्या भाचीच्या कॉलेजात शिकवतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. होय, ताई तोवर एच.पी.टी.त जाऊ लागली होती. वडिलांनी मामांना काहीही न कळवता तिचे नाव घातले होते. नाझरेथसारख्या गावातून काय चांगले निघणार, अशी शंका नथनेलाला आली, तेव्हा फिलिपाने वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच सुचवले. ताईनेही उत्तरादाखल मामांना कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका पाठवली. मामा आले नाहीत.

१९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नाशिक मुंबईकडून पुण्याकडे गेले. बारा जिल्ह्यांचे ते विद्यापीठ. आता पदवीवर मुंबईचे नाव नाही, म्हणून जुन्या मंडळींना चुटपुट लागली होती, असे वडील सांगत. पुणे खरे तर घाटावरचेच. पण पेशव्यांची गादी, डेक्कन आणि फर्ग्युसन यांमुळे त्याला कोणी मोफसल म्हणण्याचे धाडस केले नाही. नाशिकला आता दोन थोरले भाऊ झाले, एवढाच फरक.

त्याच सुमारास काही माणसे उलट दिशेने चालत होती. डॉ. भा. पां. हिवाळे या ख्रिस्ती विद्वानाने १९४७ साली अहमदनगरला महाविद्यालय काढले. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय उभारले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. एल्फिन्स्टन, कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या या पुरुषाला मोफसलात कॉलेज काढणे कमीपणाचे वाटले नाही. नाशिकात १९१४ पासून काम करणाऱ्या मराठा विद्या प्रसारक समाजाने १९६९ साली गंगापूर रस्त्यावर आपले महाविद्यालय काढले आणि निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांची मुले सायकलींवरून कॉलेजात येऊ लागली.

हा रोग आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतही समुद्रकाठच्या जुन्या विद्यापीठांपुढे मधल्या शेतीप्रधान राज्यांतील विद्यापीठे गावंढळ समजली जात. १८६२ सालच्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन तेथे शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांना बळ दिले गेले. अशा जमिनींचा लाभ मिळालेल्या मिनेसोटा विद्यापीठात आयोवाच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, नॉर्मन बोरलॉग, शिकला. त्याने घडवलेल्या बुटक्या गव्हाने आपल्या देशातली टंचाई हटवायला हातभार लावला आणि १९७० साली त्याला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तो गहू खाणाऱ्या कोणी त्याचे कॉलेज विचारले नाही.

मोफसल महाविद्यालयांत सारे आलबेल होते, असा दावा मी करणार नाही. पुस्तके अपुरी होती. प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकापाशी रांग लागे. चांगला प्राध्यापक नाव झाले की मुंबई-पुण्याची वाट धरी, आणि गावच्या पुढाऱ्याचा भाचा त्याच्या जागी येई. ताईलाही संदर्भग्रंथासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले. मुंबईच्या चांगल्या कॉलेजात जे मिळते ते थोडे नव्हे, आणि ज्याला तेथे जाणे परवडते त्याने अवश्य जावे. पण ताईसारख्या मुलीपुढे नाशिक की मुंबई असा पर्याय कधीच नव्हता. तिच्यापुढे पर्याय होता नाशिक की काहीच नाही. ती सकाळी नाशिक रोडहून एस.टी.ची बस धरी, दुपारी परतून आईला स्वयंपाकात मदत करी. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवीधर. पुढे तेहतीस वर्षे तिने शाळेत मराठी शिकवले आणि तिच्या पगारावर आम्ही दोघे भाऊ शिकलो. त्यांतला मी एक.

काळाने पुढे एक फेरा घेतला. १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला आले आणि १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये या विद्यापीठाला जोडली गेली. त्यांत १८४५ साली स्थापन झालेले मुंबईचे ग्रँट मेडिकलही आले. मामांची नात मुंबईत डॉक्टर झाली, तेव्हा तिच्या पदवीवर विद्यापीठाच्या नावाखाली ‘नाशिक’ लिहिलेले होते. मामा तेव्हा हयात नव्हते. ताईने चष्मा पुसून ते प्रमाणपत्र दोनदा वाचले आणि “जपून ठेव हो,” म्हणून परत दिले. मला मात्र हसू आवरले नाही.

ते हसू फार दिवस टिकले नाही, आणि त्याचे कारण मीच आहे. निवृत्तीपूर्वी एका शाळेत शिक्षकांची निवड करायला मी बसलो होतो. अर्जांचा गठ्ठा मोठा होता. मी त्याचे दोन भाग केले : मुंबई-पुणे-नाशिक एका बाजूस, बाकीचे दुसऱ्या बाजूस. दुसरा भाग वाचायचा राहूनच गेला. सुरगाण्याच्या बाजूच्या एका लहान कॉलेजातून पदवी घेतलेल्या मुलीचा अर्ज त्यात होता. मुख्याध्यापिका सिस्टरांनी तो वर काढला आणि विचारले, “सर, हा वाचलात का तुम्ही?” मी वाचला नव्हता. तिचे गुण निवडलेल्या तिघांहून अधिक होते, अक्षर सुरेख होते, आणि घरापासून कॉलेजपर्यंत ती रोज किती चालत असे हे तिने एका ओळीत, तक्रारीचा सूर न लावता, लिहिले होते. आम्ही तिला मुलाखतीला बोलावले. पण पत्र पोहोचेपर्यंत ती दुसऱ्या गावच्या आश्रमशाळेत रुजू झाली होती.

हे मी ताईला अजून सांगितलेले नाही.